सरांच्या पेन्सिलखुणा

तुमच्या आईने परवा फोनवर विचारलं, "आई, करोनाच्या वर्षी तू मुलांच्या मामाकडे अडकलीस, तेव्हा दिवसभर करायचीस तरी काय?"

"चर्चमध्ये ऑर्गनच्या खुंट्या ओढायचे," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. म्हणून हे नीट, क्रमाने लिहून ठेवते आहे. तुम्हा दोघांना मराठी वाचता येत नाही, पण आई वाचून दाखवेल. वाचताना ती मध्येच थांबली तर घाई करू नका.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी पुण्याहून नेदरलँड्सला तुमच्या मामाकडे गेले. तीन महिने त्याच्याकडे, कापेल नावाच्या गावात राहायचं आणि मे महिन्यात तिथूनच मिनेसोटाला, तुमच्या घरी जायचं, असं ठरलं होतं. जुलैमध्ये धाकट्याचा जन्म व्हायचा होता. डिंक, हळीव, सुंठ, खारकांची पूड असं सगळं मी पुण्याहून डब्यांत भरून, डब्यांवर चिठ्ठ्या लावून नेलं होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली. युरोपातून अमेरिकेत जाता येईना आणि पुण्यालाही परतता येईना. मामाने कुठेकुठे मेल पाठवून माझा व्हिसा वाढवून घेतला. डबे त्याच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर राहिले.

मामा आणि मामी दोन खोल्यांची दारं लावून दिवसभर मीटिंगा करायचे. "आई, प्लीज, मिक्सर आत्ता नको, मी कॉलवर आहे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मी खुर्ची उचलून बाहेर गॅलरीत बसू लागले. चौथ्या मजल्यावर लांब उघडी गॅलरी होती आणि तिच्यावर ओळीने सगळ्यांची दारं. आमच्यापासून दोन दारं सोडून आणखी एक बाई तशाच खुर्ची टाकून बसायच्या. मांडीवर लाकडी फळी ठेवून तिच्यावर बोटं नाचवायच्या. आठवडाभर आम्ही नुसत्या माना हलवल्या. मग मी न राहवून विचारलं, तुम्ही टाइप करताय का? त्या म्हणाल्या, "रविवारचं वाजवतेय. चर्चला कुलूप आहे, सरावाला जाता येत नाही."

त्या ऑर्गन वाजवायच्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, बहात्तरच्या. एकट्या. जन्म आयोवात, मक्याच्या शेतांमधल्या एका लहान गावात. तेविसाव्या वर्षी जुने डच ऑर्गन शिकायला एका वर्षासाठी म्हणून नेदरलँड्सला आल्या आणि राहिल्या. मी त्यांना सांगितलं की माझे वडील नाटकाच्या तालमींना साथ करायचे आणि आमच्याकडेही पायाने चालवायची पेटी होती, तिला आम्ही ऑर्गनच म्हणायचो.

"पायाने काय करायचे?"

"भाता मारायचे."

"नुसती हवा?" बाई म्हणाल्या. "बिचारे पाय! आमचे पाय गातात."

काही दिवसांनी चर्चला परवानगी मिळाली, पण माणसांशिवाय. उपदेश करणारे डॉमिने, कॅमेऱ्यावाला आणि ऑर्गनवाल्या बाई, एवढेच आत. बाकी सगळ्यांनी घरी बसून पाहायचं. आता अडचण अशी की तो ऑर्गन तीनशे वर्षांचा. त्याला दोन्ही अंगांना लाकडी खुंट्या. एक खुंटी ओढली की नळ्यांची एक रांग बोलू लागते, आत ढकलली की गप्प होते. वाजवणाऱ्याचे हातपाय गुंतलेले, त्यामुळे शेजारी एक माणूस लागतो, खुंट्या ओढायला आणि पानं उलटायला. बाईंचे नेहमीचे मदतनीस दम्यामुळे घराबाहेर पडत नव्हते.

"तुम्हाला स्वरलिपी वाचता येते?" बाईंनी विचारलं.

"नाही. पण मान हलवलेली कळते."

मामा म्हणाला, "आई, तू सत्तराव्या वर्षी नोकरी धरलीस? तीही चर्चमध्ये?" मामी म्हणाली, "अरे, जाऊ दे त्यांना. निदान आपला कुकर दुपारी लागणार नाही."

मी चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. मला काम आखून दिलं की बरं वाटतं. मी पुठ्ठ्याची कार्डं कापली, प्रत्येक खुंटीला आकडा दिला आणि प्रत्येक गाण्याचं एक कार्ड केलं: तिसऱ्या पानाच्या शेवटी चार नंबर बाहेर, नऊ नंबर आत. मास्क लावून, बाकाच्या टोकाला उभी राहून मी वाट पाहायचे. बाईंची मान हलली की ओढायचं. खुंटी वीतभर बाहेर येते आणि तेवढ्यात आवाजाचा रंग बदलतो. उन्हं ढगाआड जावीत तसं. पहिल्या रविवारी एकही चूक झाली नाही.

सराव संपला की आम्ही ऑर्गनच्या माळ्यावर थर्मासमधला चहा प्यायचो आणि बाई बोलायच्या. मला अमेरिकेतल्या या लोकांचं आयुष्य असं असतं, याची कल्पना नव्हती. तेराव्या वर्षी त्यांना गावच्या चर्चने ऑर्गनवर बसवलं, कारण गावातल्या मुलींत त्यांचेच पाय, पायाने वाजवायच्या खालच्या पट्ट्यांपर्यंत पोचत होते. हिवाळ्यात आठवडाभर चर्च तापवत नसत, म्हणून बोटं कापलेले हातमोजे घालून सराव. दर शनिवारी वडील ट्रकमधून चाळीस मैलांवरच्या कॉलेजात सोडायचे. तिथे सर. सर कधी शेजारी बसत नसत. लांब, शेवटच्या बाकावर बसायचे आणि तिथून ओरडायचे, "मला तुझा श्वास ऐकू येत नाही!" मग चालत पुढे यायचे, खिशातून पेन्सिल काढायचे आणि पुस्तकात खूण करून पुन्हा मागे जायचे. नेहमी पेन्सिल. शाईने लिहिणाऱ्याला ते वर्गाबाहेर काढत, कारण प्रत्येक ऑर्गन वेगळा, आणि एकाच्या खुणा दुसऱ्याला चालत नाहीत.

हे सर अजून होते. त्र्याण्णव वर्षांचे, आयोवातल्या एका वृद्धाश्रमात. तुमच्या घरापासून गाडीने चार तासांवर. बाईंनी एप्रिलचं तिकीट काढलं होतं त्यांना भेटायला. ते माझ्या तिकिटासारखंच रद्द झालं. तिथेही आश्रमाची दारं बंद होती. आठवड्यातून एकदा तिथली नर्स सरांच्या कानाला फोन धरायची.

"त्यांना एकच हवंय माझ्याकडून," बाई म्हणाल्या. "ते कधी इथे आले नाहीत. जन्मभर दर रविवारी चर्च, दर शनिवारी शिष्य. आले नाहीत, म्हणून मला पाठवलं. त्यांच्या चर्चमध्ये जाड गालिचा होता. सगळीकडे असतो आमच्याकडे. हात उचलला की आवाज तिथेच मेला. दगडी चर्चमध्ये शेवटचा स्वर किती वेळ राहतो, ते त्यांना एकदा ऐकायचंय. मी तिथे जाऊन वाजवलं तरी उपयोग नाही. इथूनच ऐकवायला हवं, आणि लवकर."

कुठली रचना, तेही सरांनी ठरवलं होतं. आयोवातून निघताना त्यांनी बाईंना स्वतःचं एक पुस्तक दिलं होतं, त्यातली दुसरी. सप्टेंबरमध्ये वाजवायचं ठरलं, कारण बाईंचं मनगट दुखत होतं; रविवारच्या चाली निभायच्या, पण ही अवघड रचना तोवर नको, असं त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं.

जुलैत धाकटा जन्मला. मामाच्या फोनवर मी त्याची मूठ पाहिली. तुमच्या आईचा चेहरा सुजलेला होता आणि ती सारखी म्हणत होती, "मी मस्त आहे गं, मस्त." मी त्या दिवशी हळिवाचा डबा खाली काढला, उघडला आणि बंद करून पुन्हा वर ठेवला.

ऑगस्टमध्ये बाईंनी मला चार पुस्तकं दिली. म्हणाल्या, "जुने आकडे खोडून द्याल? मागच्या वर्षी दुसऱ्या गावच्या ऑर्गनवर वाजवलं होतं, त्या खुंट्यांचे आहेत. इथले नवीन लिहायचेत."

हे तर माझं जन्माचं काम. दर मे महिन्याच्या सुटीत आम्ही ग्रंथालयातली पुस्तकं खाली काढून मुलांच्या पेन्सिलीच्या रेघोट्या पुसायचो. मी मऊ पांढरं रबर घेतलं, पानाखाली काच ठेवली आणि दोन दिवसांत चारही पुस्तकं स्वच्छ केली. सगळ्यात जुन्या पुस्तकाला जास्त वेळ लागला. त्यातल्या खुणा अनेक हातांच्या होत्या. काही तपकिरी, इतक्या फिकट की चष्मा बदलून पाहाव्या लागल्या. मी त्याही सोडल्या नाहीत.

बाईंनी दारातच ते पुस्तक उघडलं. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्या पानापासून पाहिलं.

"सगळ्या?"

"सगळ्या," मी म्हटलं. "फिकटसुद्धा."

"फिकट सरांच्या होत्या," बाई म्हणाल्या. "आणि काही त्यांना शिकवणाऱ्या बाईंच्या." त्यांनी आभार मानले आणि दार हळूच लावलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन रविवार त्यांनी माझी गरज पडणार नाही अशा साध्या चाली वाजवल्या. मी घरी बसून मामाच्या टीव्हीवर ऐकल्या. गॅलरीत त्यांची खुर्ची दिसली नाही. मामी म्हणाली, "अहो आई, तुम्ही मुद्दाम केलंत का? एक सॉरी म्हणा आणि संपवा." मी तीनदा म्हटलं होतं. सॉरीने आकडे परत येत नाहीत.

मग मला ग्रंथालयातली एक गोष्ट आठवली. चोरीला गेलेलं पुस्तक कधी रद्दीवाल्याकडे सापडायचं, आणि त्यावरचा आमचा शिक्का खरवडलेला असायचा. आम्ही ते पान अंधारात न्यायचो आणि बॅटरीचा उजेड एका बाजूने, अगदी आडवा पाडायचो. शाई गेली तरी दाब राहतो. मी बाईंच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "पुस्तक चार दिवस द्या. रबर आणणार नाही." त्यांनी आधी माझे हात पाहिले. मग पुस्तक दिलं.

भर दुपारी मी पडदे ओढून बसले. मामा पाणी प्यायला आला.

"आई, अंधारात बॅटरी घेऊन काय शोधतेस?"

"चूक."

"कोणाची?"

"माझी. तू जा, तुझा कॉल असेल."

मला स्वर कळत नव्हते, पण मोजता येत होतं. उभ्या रेघांनी पडलेले कप्पे मी मोजले आणि यादी केली: पान दोन, कप्पा चौदा, वरच्या ओळीवर बोटाचा आकडा तीन. पान तीन, कप्पा एकतीस, स्वल्पविरामासारखी खूण. पायाच्या खुणा ओळखायच्या कशा, ते मला आधीच ठाऊक होतं. तंबूसारखी खूण म्हणजे चवडा, गोल म्हणजे टाच. सगळं सापडलं नाही. हलक्या हाताने लिहिलेलं कायमचं गेलं होतं. चौथ्या दिवशी माझ्याकडे सहा पानांची यादी होती. बाईंनी ती उभ्याउभ्या वाचली आणि म्हणाल्या, "आज सरांचा फोन आहे. तुम्हीच सांगा त्यांना."

बाईंनी फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"सर, माझ्याबरोबर माझी शेजारीण आहे. तिला काही सांगायचंय."

"सर," मी म्हटलं, "तुमच्या पुस्तकातल्या खुणा मी पुसून टाकल्या. मला माफ करा."

"कशाने पुसल्या?" सरांचा आवाज मोठा आणि खरखरीत होता.

"रबराने. पांढऱ्या, मऊ."

"कागद फाटला?"

"नाही."

"मग ठीक. गुलाबी रबरं हरामखोर असतात." पलीकडे नर्स हसली. "काय लिहिलं होतं मी?"

"जेवढं सापडलं त्याची यादी केली आहे. वाचू?"

"वाचा. माझ्याही लक्षात नाही."

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. ते प्रत्येकाला "हं" म्हणत होते. पान दोन, कप्पा चौदा, आकडा तीन, असं मी वाचलं तेव्हा ते थांबले.

"तीन? तिथे चौथं बोट येतं."

"सर, तुम्ही तीनच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "मी पन्नास वर्षं तिसऱ्या बोटाने वाजवतेय. फार अवघड जातं."

"अर्थात अवघड जाणार! माझं चौथं बोट मका सोलायच्या यंत्रात गेलं होतं. अर्धंच आहे. तुझं काय झालंय?"

"काही नाही."

"मग वापर की ते!"

बाईंनी तोंडावर हात ठेवला. "मी शिष्यांनाही तसंच शिकवलंय. त्यांतले दोघं आता स्वतः शिकवतात," त्या मला म्हणाल्या. त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. पलीकडे सरही खोकत खोकत हसत होते. अर्धा देश विनाकारण तिसऱ्या बोटाने वाजवतोय, असं काहीतरी म्हणत होते.

असे तीन फोन झाले. दर वेळी दोन पानं. समासात एक शब्द सापडला होता, तो मी 'दूध' असा वाचला. सर म्हणाले, "बरोबर. बायकोने सांगितलं होतं. मी विसरलोच होतो." एकतिसाव्या कप्प्यातला स्वल्पविराम मात्र त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "ती खूण माझी नाही. माझ्या बाईंची आहे. तिथे त्या माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि हात उचलला की मी पुढे जायचं." बाई माझ्या शेजारी पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बाकीचं काही पुन्हा लिहिलं नाही, एवढीच खूण लिहिली.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मनगट बरं झालं. दुपारी चारची वेळ ठरली, म्हणजे आयोवात सकाळचे नऊ, सरांचा नाश्ता झालेला. आदल्या दिवशी आम्ही चाचणी घेतली, तर नर्स म्हणाली, "पान उलटल्याचा आवाज फार छान येतोय. बाकी काही येत नाही." मी मामाला बोलावलं. तो सायकलवरून आला, फोन पाहिला आणि म्हणाला, "आई, फोनला वाटतंय हा पंख्याचा आवाज आहे. सलग आवाज तो गाळून टाकतो." त्याने सेटिंग बदललं, फोन एका उंच काठीला बांधला आणि काठी कमानीखाली मधोमध उभी केली. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

त्या दिवशी टॅबलेट आमच्यासमोर होता. सर खिडकीशी खुर्चीत बसलेले दिसत होते. पांढरा शर्ट, गळ्याशी बो टाय. बाईंनी नमस्कार केला नाही की काही बोलल्या नाहीत. वाजवायला लागल्या. मी चार नंबर ओढला, नऊ नंबर ढकलला, पानं उलटली. चौदाव्या कप्प्यात चौथं बोट सहज गेलं, ते मी पाहिलं. एकतिसाव्यात बाई थांबल्या, इतका वेळ की मला वाटलं विसरल्या. मग पुढे गेल्या.

शेवटचा स्वर धरून त्यांनी हात आणि पाय एकदम उचलले. मी श्वास रोखला होता. आवाज कमानीत वर गेला, मागच्या भिंतीशी गेला, परत आला, पातळ झाला. मी मनात आकडे मोजत होते, सवयच आहे. सहापर्यंत ऐकू येत होता. सातला नव्हता. मामाने मागून मान हलवली, संपलं म्हणून.

टॅबलेटवर सरांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी एक बोट वर केलं.

"अजून आहे," ते म्हणाले.

आम्ही कोणीच हललो नाही. आम्हाला काहीही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांचं बोट खाली मांडीवर आलं आणि मान खुर्चीच्या पाठीला टेकली. झोप लागली होती. नर्सने वाकून त्यांच्या पायांवर शाल घातली आणि आम्हाला हळूच म्हणाली, "रात्रभर जागे होते. झोपू दे." मग कोणीतरी तिला हाक मारली. तिने तिकडचा टॅबलेट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि गेली. ठेवताना त्याचा कॅमेरा खिडकीबाहेर वळला.

त्यानंतर सर नऊ आठवडे होते. बाईंना जाता आलं नाही. मी पुढच्या वर्षी पुण्याला परतले आणि तुमच्याकडे यायला मला त्याहून बरेच महिने लागले. पण ती दुपार मला आजही पूर्ण दिसते. पडद्यावर एका आश्रमाची गाड्या लावायची जागा. एक पांढरा ट्रक, एक निळी गाडी. कडेला लाल होऊ लागलेलं एक झाड आणि त्यामागे कापणीला आलेला मका, थेट आभाळापर्यंत. सकाळचं ऊन. सरांचा श्वास ऐकू येत होता. बाई त्यांच्या मुलखाकडे पाहत होत्या. मी त्या रस्त्याकडे पाहत होते, कारण तो उत्तरेला जात असेल तर चार तासांत तुमच्या दाराशी पोचतो. निळ्या गाडीतून एक माणूस उतरला, काहीतरी विसरला म्हणून परत गेला, पुन्हा उतरला. मामा जवळ येऊन म्हणाला, "आई, कॉल बंद करू?"

"नको," आम्ही दोघी एकदमच म्हणालो. मी मराठीत आणि बाई इंग्रजीत.